किनाऱ्यावरचा चिखल्या आणि वाळवंटातला कांगारू उंदीर: ‘धोक्यात’ कोण, ‘संकटग्रस्त’ कोण?

कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो काउंटीच्या एका टोकाला प्रशांत महासागराची पुळण आहे आणि दुसऱ्या टोकाला, डोंगररांगा ओलांडल्या की, कॅरिझोचं कोरडं मैदान. पुळणीवर स्नोई प्लव्हर हा मुठीत मावेल एवढा पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतो. मराठी पक्षिनिरीक्षक ज्यांना चिखल्या म्हणतात त्यांच्याच कुळातला हा. कॅरिझोवर जायंट कांगारू रॅट, म्हणजे मोठा कांगारू उंदीर, बिळं करून राहतो. दोघांनाही अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याचं संरक्षण आहे, पण दोघांवरचे शिक्के वेगळे आहेत. पक्ष्यावर ‘थ्रेटन्ड’, म्हणजे धोक्यात आलेला. उंदरावर ‘एन्डेंजर्ड’, म्हणजे संकटग्रस्त. दुसरा शिक्का पहिल्यापेक्षा एक पायरी गंभीर.

आता आकडे बघा. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर वीण करणारे प्लव्हर अलीकडच्या वर्षांतल्या गणतींमध्ये दोन ते अडीच हजारांच्या आसपास भरतात. कांगारू उंदरांची दाटी मात्र जागेनुसार हेक्टरी १ पासून ११० पर्यंत नोंदली गेली आहे. बेताचा आकडा म्हणून हेक्टरी २० धरू. एका चौरस किलोमीटरमध्ये १०० हेक्टर, म्हणजे २,००० उंदीर झाले. अख्ख्या किनाऱ्यावर जेवढे प्लव्हर आहेत, साधारण तेवढे उंदीर चांगल्या वर्षी मैदानाच्या एका चौरस किलोमीटरमध्ये मावतात. तरीही सौम्य शिक्का पक्ष्यावर आणि कडक शिक्का उंदरावर.

यात कुणाची चूक झालेली नाही. हा फरक कुठून येतो ते समजलं की प्राणी वाचवण्याचं काम नेमकं कशाचं असतं, हेही बरंचसं समजतं.

शिक्का डोकी मोजून लागत नाही

कायद्यातल्या व्याख्या लहान आहेत. जी प्रजाती तिच्या सगळ्या प्रदेशातून, किंवा त्याच्या मोठ्या आणि महत्त्वाच्या भागातून, नामशेष होण्याच्या बेतात आहे ती एन्डेंजर्ड. जी नजरेच्या टप्प्यातल्या भविष्यात त्या अवस्थेला पोचण्याची शक्यता आहे ती थ्रेटन्ड. म्हणजे फरक आहे तो कडा किती जवळ आली आहे याचा. ‘अमुक हजारांपेक्षा कमी असतील तर हा शिक्का’ असा आकडा या व्याख्यांमध्ये कुठेही नाही.

निर्णय घेताना पाच गोष्टी तपासतात: अधिवास नष्ट किंवा खराब होतोय का, व्यापार-शिकार-अभ्यासासाठी अति वापर होतोय का, रोग किंवा भक्षकांचा त्रास आहे का, आधीचे नियम अपुरे पडताहेत का, आणि यांखेरीज नैसर्गिक किंवा माणसाने आणलेलं दुसरं काही कारण आहे का. यांपैकी एकही पुरेसं असतं. यादीत घालताना खर्चाचा विचार करायला कायदा मनाई करतो. उपलब्ध शास्त्रीय माहितीवरच ठरवायचं. खर्चाचा विचार होतो तो पुढच्या टप्प्यावर, ‘क्रिटिकल हॅबिटॅट’ म्हणजे अत्यावश्यक अधिवासाचा नकाशा आखताना.

इथेही बऱ्याच जणांची समजूत उलटी असते. कडक शिक्का असेल तर नकाशाही मोठा असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात थ्रेटन्ड प्लव्हरसाठी २०१२ मध्ये ठरलेला नकाशा ६० तुकड्यांचा, सुमारे २४,५०० एकरांचा आहे. एन्डेंजर्ड कांगारू उंदरासाठी असा नकाशा ठरलेलाच नाही. शिक्का आणि नकाशा या कायद्यातल्या वेगवेगळ्या वाटा आहेत.

आणखी एक घोटाळा शब्दाचा आहे. आययूसीएन या जागतिक संस्थेच्या लाल यादीत ‘थ्रेटन्ड’ ही पायरी नसून छत्री आहे: व्हल्नरेबल, एन्डेंजर्ड आणि क्रिटिकली एन्डेंजर्ड या तीन पायऱ्या मिळून ‘थ्रेटन्ड’ होतात. अमेरिकी कायद्यात मात्र ती एन्डेंजर्डच्या खालची स्वतंत्र पायरी आहे. बातम्यांमध्ये या दोन याद्यांची सरमिसळ फार होते. कोणत्या यादीबद्दल बोलणं चाललंय ते आधी विचारावं, नाहीतर पुढचं सगळं बोलणं फुकट जातं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पृष्ठवंशी प्राण्यांच्या बाबतीत अख्खी प्रजाती यादीत घालावी लागत नाही. तिची एखादी वेगळी राहणारी गटवस्तीही घालता येते. स्नोई प्लव्हर अमेरिकेच्या आतल्या खाऱ्या सरोवरांकाठी, मेक्सिकोत, मेक्सिकोच्या आखातावर असा बराच पसरलेला आहे. ५ मार्च १९९३ ला यादीत आली ती फक्त प्रशांत किनाऱ्याची वस्ती: समुद्रापासून ८० किलोमीटरच्या आत वीण करणारे पक्षी. कांगारू उंदीर १९८७ मध्ये यादीत आला तो अख्खी प्रजाती म्हणून. त्याला दुसरीकडे कुठे भाऊबंद नाहीत. साऱ्या जगात तो कॅलिफोर्नियात, तोही सॅन होकीन खोऱ्याच्या पश्चिम कडेला आणि लगतच्या मैदानांत आहे, बाकी कुठेच नाही.

वाळूतली तीन अंडी

प्लव्हरचं घरटं समोर असूनही दिसत नाही. नर छाती वाळूत दाबून पायांनी मागे वाळू उडवत वाटीएवढा खळगा करतो. त्यात कधी शिंपल्यांचे तुकडे, कधी वाळक्या काड्या असतात. त्यात बहुधा तीन अंडी, प्रत्येक साधारण तीन सेंटिमीटर लांब, वाळूच्या रंगाची, वर काळे ठिपके आणि रेघा. दोन पावलांवरून बघितलं तरी ती शिंपल्यांचा चुरा वाटतात. लपण्याची ही तऱ्हा डोळ्यांनी शोधणाऱ्या भक्षकापुढे चालते. माणसाच्या बुटापुढे, कुत्र्याच्या नाकापुढे आणि गाडीच्या चाकापुढे ती काहीच कामाची नाही.

पक्षी जेमतेम ४० ग्रॅमचा. अंडी साधारण २७ दिवस उबवावी लागतात. पिल्लं बाहेर आली की काही तासांत चालायला लागतात आणि घरटं कायमचं सोडतात. चारा भरवणं हा प्रकार नाही. पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतः टिपून खातात. पालकाचं काम ऊब देणं, इशारा करणं आणि पंख मोडल्याचं सोंग करून शत्रूला लांब नेणं. उडता यायला साधारण एक महिना लागतो. मादी पिल्लांजवळ आठवडाभरही धड न थांबता नव्या जोडीदाराकडे जाते आणि पुढचा महिना बाप एकटा सांभाळतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिशेबात येणार आहे.

वीण मार्च ते सप्टेंबर चालते. लोक पुळणीवर येतात तेही नेमके याच महिन्यांत. त्रासाची साखळी अशी असते: कुणी कुत्रं मोकळं सोडतं किंवा पतंग उडवतं. पतंग या पक्ष्याला ससाण्यासारखा दिसतो. उबवणारा पालक उठतो आणि लांब जाऊन थांबतो. अंडी उन्हात किंवा गार वाऱ्यात उघडी पडतात, वाऱ्याने उडालेली वाळू त्यांच्यावर बसते, डोमकावळा वरून बघत असतो. दर वेळी काही बिघडत नाही. पण दिवसातून दहा-वीस वेळा हे झालं तर कधी ना कधी बिघडतंच. पिल्लांची सवय आणखी घातक: घाबरली की ती जवळच्या खोलगट जागी दबकून बसतात. पुळणीवर सगळ्यात सोयीची खोलगट जागा म्हणजे गाडीच्या चाकाची चाकोरी.

दुसरं नुकसान सफाईचं. पर्यटकांसाठी यंत्राने पुळण विंचरली की लाटांनी आणलेलं समुद्रशैवाल उचललं जातं. त्या कुजत्या शैवालातच पुळणीवरचे उड्या मारणारे सँडहॉपर आणि बारीक माश्या वाढतात, आणि प्लव्हर जगतो तो त्यांच्यावर. स्वच्छ दिसणारी पुळण त्याच्यासाठी रिकामं ताट असते.

याचा परिणाम किती झाला? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९७० पूर्वी विणीची ५३ ठिकाणं माहीत होती. नंतरच्या पाहण्यांत त्यांपैकी ३३ ठिकाणी पक्षीच नव्हते. तरीही उरलेली ठिकाणं वॉशिंग्टन राज्यापासून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत एका लांबलचक दोरीत ओवल्यासारखी होती. एका पुळणीवर वर्ष वाईट गेलं तरी दुसरीकडची पिल्लं पुढे तिथे येऊन बसू शकतात. कडा दिसते आहे, पण पाय अजून तिच्यावर नाही, म्हणून थ्रेटन्ड.

मैदानावरची गवताची रास

कांगारू उंदरांच्या साधारण वीस जातींमध्ये ही सगळ्यात मोठी: वजन १३० ते १८० ग्रॅम, शेपटीसकट लांबी तीसेक सेंटिमीटरच्या पुढे, त्यातली निम्म्याहून अधिक शेपटी. मागचे पाय लांब, चाल उड्यांची. गालांच्या बाहेरच्या अंगाला केसाळ अस्तराच्या दोन पिशव्या. बी त्यांतून वाहून नेतो. पाणी न पिता चालतं. कोरड्या बियांच्या पचनातून शरीरात जे पाणी तयार होतं त्यावर भागतं आणि मूत्रपिंड फारसं पाणी बाहेर जाऊ देत नाही.

प्रत्येक उंदराची स्वतःची जागा असते. संशोधक तिला ‘प्रिसिंक्ट’ म्हणतात: काही मीटर रुंदीचा, जरासा उंचावलेला गोल, खाली बिळं आणि भोवतालचं गवत कापून साफ केलेलं. शेजाऱ्याने हद्द ओलांडली की मागच्या पायांनी जमीन ठोकून इशारा दिला जातो. बाहेर पडणं रात्री, तेही बहुतेक अंधार पडल्यावरच्या पहिल्या दोन तासांत.

एप्रिल-मे हा त्याचा सुगीचा काळ. गवताची कणसं कापून तो गोलावर आणतो. काही बोटभर रुंदीच्या छोट्या उभ्या खड्ड्यांत भरतो आणि वर कोरडी माती ओढतो. काही वर रचून ठेवतो. उन्हात सुकत पडलेली ही रास म्हणजे गवताची छोटी गंजीच. हिरवं, ओलं बी थेट बिळात नेलं तर बुरशी धरते. आधी वाळवायचं आणि मग खाली न्यायचं. या साठ्यावर पुढचा कोरडा काळ काढायचा असतो. पाऊस फारच कमी झाला तर साठा होत नाही आणि वीणही होत नाही किंवा नाममात्र होते. चांगल्या वर्षी मात्र त्याच वर्षी जन्मलेल्या माद्याही पिल्लं देतात. म्हणून याची संख्या लाटेसारखी चढते आणि पडते. एका चांगल्या वर्षीचा मोठा आकडा बघून निर्धास्त होणं, ही या प्रजातीबाबत होणारी सगळ्यात महागडी चूक आहे.

आणि ती लाट आता लहानशा भांड्यात उसळते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्याच्या प्रदेशातली बरीच जमीन पाण्याअभावी पडीक, फार तर गुरं चारण्याजोगी होती. मग सॅन लुईस युनिट आणि कॅलिफोर्निया ॲक्वेडक्ट हे कालवे पूर्ण झाले, पाणी आलं आणि सपाट कोरडी जमीन झपाट्याने नांगराखाली गेली. उंदरालाही नेमकी सपाट, मऊ मातीची, उतार नसलेली जमीनच लागते. भर म्हणून जमिनीवरच्या खारी आणि उंदीर मारायला विषारी धान्य टाकलं जाई. जो प्राणी बी गालात भरून घरी नेऊन साठवतो त्याच्या बाबतीत विष एका तोंडापुरतं राहत नाही, कोठारात जातं. आज मूळ प्रदेशाचे अगदी थोडे टक्के उरलेत, तेही सहा तुटक भागांत: पनोचे, केटलमन टेकड्या, सॅन वान क्रीक, पश्चिम कर्न काउंटी, कॅरिझो आणि कुयामा खोरं. मधे शेतं, रस्ते, तेलविहिरी, अलीकडे सौरप्रकल्पही.

चार वर्षांचा दुष्काळ पडतो तेव्हा या सहाही भागांवर एकाच वेळी पडतो. २०१२ नंतरच्या दुष्काळात कॅरिझोवरची संख्या अशीच कोसळली. प्लव्हरच्या दोरीसारखी इथे लांबवर दुसरी गाठ नाही. हा उंदीर उसळी घेतो, पण उसळी घ्यायला मागे थोडे तरी जिवंत उंदीर शिल्लक लागतात, आणि ओसाड पडलेल्या भागात शेजारून चालत येणारं कुणीतरी लागतं. नांगरलेलं शेत ओलांडून तो येत नाही. म्हणून हजारोंनी असूनही एन्डेंजर्ड.

त्याच्या मागे आणखी किती जण उभे आहेत तेही सांगायला हवं. सॅन होकीन किट फॉक्स हा संकटग्रस्त कोल्हा त्याला खातो. ब्लंट-नोज्ड लेपर्ड लिझर्ड हा संकटग्रस्त सरडा त्याच्या बिळांत आसरा घेतो. कॅलिफोर्निया ज्युएलफ्लॉवर हे संकटग्रस्त फुलझाड कॅरिझोवर मुख्यतः त्याच्याच गोलांवर उगवतं. उंदीर गेला तर एवढ्या सगळ्यांचं छप्पर जातं.

शत्रू एकच: गवत

एवढे वेगळे दोन जीव, पण दोघांना हवी असते ती उघडी जमीन. प्लव्हरला दूरवरचा भक्षक दिसायला हवा, उंदराला उड्या मारत पळायला वाट हवी. आणि दोघांचीही उघडी जमीन बाहेरून आलेल्या गवतांनी झाकली.

किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या सरकू नयेत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपियन बीचग्रास मुद्दाम लावलं गेलं. ते वाळू अडवतं, टेकडी उंच आणि उभी होते, तिच्यापुढची सपाट पुळण अरुंद होते, आणि दाट पात्यांत कोल्हे-रॅकून दडून बसतात. उपटून संपत नाही. जमिनीतल्या आडव्या खोडाचा तुकडा राहिला की तो फुटतो. म्हणून यंत्राने खोल उकरणं, तणनाशक मारणं आणि पुढे वर्षानुवर्षं परत येऊन फुटवे काढणं, असं तिहेरी काम करावं लागतं. मधे एखाद-दोन वर्षं खंड पडला की बराचसा खर्च वाया जातो.

मैदानावर रेड ब्रोमसारखी भूमध्य प्रदेशातून आलेली गवतं आहेत. ओल्या वर्षांत ती दाट माजतात, वाळून आडवी पडतात आणि त्या थरातून उडी मारत जाणं कठीण होतं. इथली गुंतागुंत मोठी आहे: हा उंदीर स्वतः सतत माती उकरतो आणि त्या मोकळ्या, खतावलेल्या मातीत ही परकी गवतंच जोमाने येतात. त्यांचं बी तो आवडीने साठवतोही. म्हणजे परकं गवत त्याचं अन्नही आहे आणि अडचणही. म्हणून ‘सगळं परकं गवत काढा’ हा किनाऱ्यावरचा उपाय मैदानावर जसाच्या तसा लावता येत नाही. ओल्या वर्षी गुरं चारून गवत आखूड ठेवणं कामी येऊ शकतं. कोरड्या वर्षी तीच गुरं उंदराच्या तोंडचा घास नेतात. वर्षाचा पाऊस बघूनच ठरवावं लागतं, कागदावरच्या ठरलेल्या तारखेने नाही.

मोजायचं कसं

प्लव्हर एकेक करून मोजता येतो. मे महिन्यात ठरलेल्या थोड्या दिवसांत किनाऱ्यावरच्या सगळ्या विणीच्या जागा चालून काढतात. सगळीकडे एकाच वेळी मोजल्यामुळे या पुळणीवरून त्या पुळणीवर गेलेला पक्षी दोनदा धरला जाण्याची शक्यता कमी होते. काही पावलं चालायचं, थांबायचं, दुर्बिणीने पुढची वाळू बारकाईने बघायची. न थांबता चालत गेलात तर दबकून बसलेला पक्षी सुटतो. नराचा कपाळावरचा आणि छातीच्या बाजूंचा डाग काळा, मादीचा बहुधा फिकट, तपकिरीकडे झुकणारा. परवाना असलेले लोक पिल्लांच्या पायांत रंगीत कडी घालतात. रंगांच्या जोडणीवरून पुढे कोण कुठे गेला ते कळतं.

उंदराला मोजायला शर्मन सापळे लागतात, पत्र्याचे, दार आपोआप पडणारे. नेहमीचा आखूड सापळा इथे चालत नाही: लांब शेपटी दारात सापडून जखमी होते. लांब मापाचा घ्यावा लागतो. आमिष म्हणून बाजरीसारखं बारीक धान्य, आणि ते उगवू नये म्हणून आधी गरम करून निर्जीव केलेलं, नाहीतर मैदानावर आपणच नवं गवत पेरतो. संध्याकाळी लावायचे, ऊन चढायच्या पुष्कळ आधी तपासून प्राणी सोडायचे. थंडीत आत कागदाचा बोळा ठेवायचा. पावसाच्या रात्री लावायचेच नाहीत; भिजलेला उंदीर पत्र्याच्या डब्यात गारठून मरतो. पकडलेल्याला खूण करून सोडतात आणि पुढच्या रात्री खूण असलेले किती, नसलेले किती यावरून एकूण अंदाज काढतात. समजा पहिल्या रात्री ३० ना खूण केली आणि दुसऱ्या रात्री सापडलेल्या ४० पैकी १० खुणेचे निघाले. म्हणजे खुणेचे एकूण वस्तीच्या पाव आहेत, तर वस्ती साधारण १२० ची.

पण हे काही हेक्टरांपुरतं झालं. मोठ्या क्षेत्रासाठी वरून बघतात. उन्हाळ्याच्या तोंडाला भोवतालचं गवत उभं असताना कापलेले गोल विमानातून आणि उपग्रहचित्रांतही ठिपक्यांसारखे उमटतात. २०१० च्या सुमाराला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी लँडसॅट उपग्रहाची चित्रं यासाठी वापरायला घेतली. यातली चूक होण्याची जागा अशी: उंदीर मेल्यावरही गोलाचा उंचवटा वर्षानुवर्षं राहतो. नुसते गोल मोजले तर मेलेल्यांचीही गणती होते; ताजं गवत कापलेलं आहे का, तेच बघावं लागतं.

उपाय कुठे चालतात, कुठे फसतात

प्लव्हरसाठी सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे दोरी आणि माणूस. सँटा बार्बराजवळच्या कोल ऑइल पॉइंटला २००१ मध्ये कोरड्या वाळूभोवती दोरीचं कुंपण लावलं, पाट्या लावल्या आणि लोकांशी बोलायला स्वयंसेवक उभे केले. अनेक वर्षं वीण बंद असलेल्या त्या पुळणीवर पक्ष्यांनी पुन्हा पिल्लं काढायला सुरुवात केली. दोरी भरतीच्या ओल्या वाळूपर्यंत नेत नाहीत, लोकांना चालायला जागा ठेवतात. पण पिल्लांचं खाणं नेमकं त्या ओल्या कडेलाच असतं. त्यामुळे दोरीइतकाच स्वयंसेवक महत्त्वाचा. त्याचा पगार किंवा वेळ वाचवायला गेलात की दोरी नुसती शोभेची उरते.

ओशियानो ड्यून्सला, जिथे पुळणीवर गाड्या चालवायला परवानगी आहे, तिथे १ मार्च ते ३० सप्टेंबर सुमारे ३०० एकरांचा पट्टा कुंपण घालून बंद ठेवतात.

घरट्यावर जाळीचा पिंजरा हा उपाय जास्त नाजूक आहे. जाळीची भोकं अशी की ४० ग्रॅमचा पक्षी आत-बाहेर करेल, कोल्हा आणि कावळा नाही. अंडी पूर्ण झाल्यावर लावायचा, झटपट, आणि लांब जाऊन बघत बसायचं. पालक ठरलेल्या वेळात परतला नाही तर लगेच काढायचा. अंडी वाचतात हे खरं. पण ससाणा किंवा घुबड काही दिवसांत शिकतं की पिंजरा दिसला म्हणजे आत किंवा जवळ मोठा पक्षी आहे, आणि बाहेर पडणाऱ्या पालकालाच उचलतं. तीन अंडी वाचवून बाप गमावला तर हिशेब तोट्याचा, कारण पिल्लं वाढवतो तोच. परिसरात असा भक्षक दिसला की पिंजरे काढणंच शहाणपणाचं. शिवाय पिंजऱ्याचं संरक्षण अंड्यांपुरतं. पिल्लू पहिल्याच दिवशी बाहेर चालायला लागतं.

म्हणूनच २००७ च्या पुनरुज्जीवन आराखड्यात यशाचं माप अंड्यांत दिलेलं नाही. अट अशी: सहा विभागांत मिळून ३,००० प्रौढ पक्षी, १० वर्षं टिकलेले, आणि दर विभागात शेवटच्या पाच वर्षांत दर नरामागे वर्षाला सरासरी किमान एक उडतं पिल्लू. ‘दर जोडीमागे’ नाही, ‘दर नरामागे’. ३,००० पैकी १,२०० एकट्या सॅन लुईस ओबिस्पो, सँटा बार्बरा आणि व्हेंचुरा या तीन काउंट्यांच्या वाट्याला आहेत. एखाद्या विभागाने आपला कोटा दुप्पट भरला म्हणून दुसऱ्याची रिकामी पुळण चालत नाही. दोरीतल्या गाठी टिकल्या पाहिजेत.

उंदरासाठी मात्र कुणी रोज पहारा देऊन उपयोग नाही. त्याला लागते जमीन: सपाट, न नांगरलेली आणि एकमेकींना जोडलेली. कॅरिझोचं मैदान जानेवारी २००१ मध्ये राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं आणि सगळ्यात मोठी वस्ती बरीचशी सुरक्षित झाली. पण उत्तरेची पनोचेची वस्ती तिथून दीडेकशे किलोमीटर लांब आहे आणि त्या दोघींमध्ये आता देवाणघेवाण होत नाही. उंदीर पकडून दुसरीकडे सोडणं हा बांधकामाच्या वेळी सुचवला जाणारा मार्ग. नव्या जागी त्याला ना स्वतःचं बीळ ना साठा, आणि शेजारी पाय ठोकून हाकलतात. पहिल्या काही रात्रींतच पुष्कळ जण भक्षकांच्या तोंडी जातात. तयार बिळं करून द्यावी लागतात, बी ठेवावं लागतं, आणि एकमेकांच्या शेजारी राहणारे प्राणी नव्या जागीही शेजारीच सोडावे लागतात. हे सगळं करूनही मूळ जमिनीची बरोबरी होत नाही.

शिक्का बदलूही शकतो. याच कुळातला स्टीफन्स कांगारू रॅट १९८८ मध्ये एन्डेंजर्ड म्हणून यादीत आला होता. रिव्हरसाइड काउंटीत राखीव क्षेत्रं राखली गेली आणि २०२२ मध्ये त्याला थ्रेटन्ड या खालच्या पायरीवर आणलं गेलं. संरक्षण संपलं असा याचा अर्थ नाही. थ्रेटन्ड प्रजातीला मारणं, पकडणं, छळणं याला बंदी घालणारे नियम शासन त्या प्रजातीपुरते बेतून ठरवू शकतं, एवढाच कायद्यातला मुख्य फरक. एन्डेंजर्डसाठी ती बंदी आपोआप आणि पूर्ण लागू होते.

मार्च ते सप्टेंबरमध्ये या पुळणींवर गेलात तर ओल्या वाळूवरून चाला, आणि जिथे कुत्र्यांना बंदी आहे तिथे दोरीने बांधूनही नेऊ नका. कचरा मागे ठेवला की कावळे येतात आणि मुक्कामाला राहतात. समोर एखादा छोटा पक्षी पंख ओढत लंगडताना दिसला तर त्याच्या मागे जाऊ नका. पिल्लं किंवा अंडी त्याच्या उलट दिशेला, कदाचित तुमच्या पावलांजवळच असतात. आल्या वाटेने, पायाखाली बघत, मागे फिरा. कॅरिझोवर मळलेली वाट सोडू नका. तिथल्या उंचवट्यांखाली बिळांचं जाळं असतं, छत काही बोटांचंच, आणि मे महिन्यात वर वाळत घातलेली गंजी म्हणजे आत राहणाऱ्याची वर्षभराची शिदोरी असते.